बाईचा आवाज

ऑर्केस्ट्रात मी दोन आवाजांत गायचो. पहिलं कडवं पुरुषाचं, दुसरं बाईचं. मागे वीस वादक, त्यांत चार ट्रंपेट आणि तीन सॅक्सोफोन, आणि त्या गदारोळातून माझा बायकी आवाज स्वच्छ वर निघायचा. दुसऱ्या कडव्याला मी प्रेक्षकांकडे पाठ करायचो. कुठेतरी बाई लपवलीय, अशी लोकांची खात्रीच असायची. मग निवेदक पुढच्या रांगेतल्या एखाद्या शहाण्याला स्टेजवर बोलवायचा. तो विंगेत, पडद्यामागे, अगदी ड्रमच्या मागेसुद्धा डोकावून यायचा आणि सगळ्यांसमोर कान पकडायचा. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

ऑर्केस्ट्रे बंद पडले आणि मी रियाधला आलो. अल सुलैच्या एका गोदामात गेली सोळा वर्षं फोर्कलिफ्टवाल्यांवर ओरडतोय. "पीछे, और पीछे, बस, खलास!" दिवसभर धूळ खायची आणि ओरडायचं. आंघोळीला गेलो की गुणगुणायचो. तेवढ्यावर मी समजून चाललो होतो की गळा शाबूत आहे.

यंदा आमच्या मास्तरांचा फोन आला. ऑर्केस्ट्रा त्यांचाच होता. म्हणाले, "अरे, पुन्हा उभा करतोय सगळं. दोन आवाजांचा आयटम हवाच. पण आधी गळा ऐकू दे, रेकॉर्डिंग पाठव." त्याच आठवड्यात मॅनेजर विचारत होता, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, वाढवायचा की कायमचा एक्झिट घ्यायचा? मी त्याच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

शुक्रवारी दुपारी गोदाम रिकामं होतं. माझ्या खोलीत राहणारा संगमेश्वरचा वेल्डर फोन धरून उभा राहिला. मी गरम पाणी प्यायलो, चपला काढल्या, गायला लागलो. दुसऱ्या कडव्याला सवयीने त्याच्याकडे पाठ केली. गाणं संपवून वळलो, तर तो फोनकडेच बघत होता.

"कसं झालं रे?"

"एक नंबर, दादा. दोन्ही आवाज एक नंबर."

मी लगेच पाठवून टाकलं. दोन दिवस मनातल्या मनात बॅग भरत होतो. बायकोलाही कळवलं, येतोय म्हणून. ती म्हणाली, "आधी त्यांचं उत्तर तर येऊ द्या." मला तिचा रागच आला.

रविवारी सकाळी मॅनेजरच्या केबिनबाहेर उभा होतो, तेव्हा मास्तरांचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी तो कानाला लावला.

"ऐकलं रे. आवाज बसलाय थोडा, पण चालेल, वय झालंच की आपलं. फक्त तू दोन्ही कडवी पुरुषाच्याच आवाजात गायलास. आता बाईचा पाठव."

मी ते तीनदा ऐकलं. रडू आलं, पण केबिनचं दार उघडं होतं. आत गेलो आणि इकामा वाढवा म्हणून सांगितलं.

मास्तरांना अजून काहीच कळवलेलं नाही. त्यांना वाटतंय, मी दुसरं रेकॉर्डिंग करतोय.