सरळ केलेलं चाक

वाकलेलं चाक सरळ करणं याला सायकलवाले आऊट काढणं म्हणतात. चाक उभं धरायचं, बोटाने फिरवायचं, आणि जिथे ते डुलतं तिथली एक तार किंचित आवळायची, तिच्या शेजारची किंचित ढिली करायची. मिस्त्रीने एकतीस वर्षं हेच केलं. त्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत एक माणूस मावे. दुसरा आला की पहिल्याने पोट आत घ्यायचं. पण त्या फटीतून बाहेर पडलेलं चाक पाण्यावर तेल सरकावं तसं फिरायचं. मिस्त्रीला त्याचा गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

एका मंगळवारी दुपारी तो सायकलवरून चौकातून सरळ निघाला होता. उजव्या अंगाने एक पांढरी मोटार पुढे आली आणि हातभर अंतरावरून त्याच्यासमोरच डावीकडे वळली. तिची कड पुढच्या चाकावर बसली. मिस्त्री उजव्या मनगटावर पडला. मोटार दातांच्या डॉक्टरची होती. त्यानेच मिस्त्रीला दवाखान्यात नेलं. माणूस वाईट नव्हता. पण पोलिसांपुढे त्याने जबाब दिला तो असा, की सायकलवाला मागून भरधाव आला आणि वळलेल्या गाडीवर आदळला.

दुखणं मिस्त्रीने सोसलं असतं. ते वाक्य त्याला सोसवेना. जन्मभर सायकलींवर जगलेल्या माणसाला सायकल चालवता येत नाही, असाच त्याचा अर्थ होता. शिवाय वाक्य तसंच राहिलं तर मनगटाचं ऑपरेशन आणि बंद दुकान, दोन्ही त्याच्याच गळ्यात पडणार होतं.

चौथ्या दिवशी त्याची भाची आली. ती वकील होती. तिने मामाला समजावलं, की कायद्याच्या नजरेत सायकल हे खेळणं नाही, तेही वाहनच आहे. सरळ जाणाऱ्याने जायचं, वळणाऱ्याने आधी बघायचं आणि थांबायचं. फक्त धक्का बाजूने बसला, हे दाखवता आलं पाहिजे. मग तिने विचारलं, "मामा, सायकल कुठे आहे?"

मिस्त्रीने ती ऐटीत पुढे आणली. प्लास्टरमधला हात छातीशी बांधून, एकट्या डाव्या हाताने, तीन दिवस खपून त्याने पुढचं चाक सरळ केलं होतं. मडगार्डला लागलेला मोटारीचा पांढरा रंगसुद्धा रॉकेलने पुसून काढला होता.

"बघ," चाक फिरवत तो म्हणाला. "डाव्या हाताचं काम आहे. कुणाला सांगून पटणार नाही."

"नाहीच पटणार," भाची म्हणाली. "पुरावा होता तो, मामा."

मामी आतून म्हणाली, की घरात वाकडी सायकल असली की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. "मला ताप आला तेव्हा नाही बसले असे उशाशी."

पुढचे दोन दिवस मिस्त्री चाकासमोर बसून राहिला. मधूनच एखादी तार बोटाने छेडायचा. काही तारा टणटणीत वाजत, काही बद्द. बाजूने मार खाल्लेली रिम खरी सरळ होत नाही. तारांच्या ओढीने ती फक्त सरळ धरून ठेवलेली असते. हे त्याला ठाऊक होतं. पण एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्याने ते सांगितलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी मिस्त्री आणि डॉक्टर, दोघांना चौकीत बोलावलं. भाचीही बरोबर गेली. अधिकाऱ्याने सायकलभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, हिला झालंय तरी काय. डॉक्टर म्हणाला, माझी गाडी बाजूने लागली असती तर चाक असं सरळ राहिलं असतं का.

मिस्त्रीने खिशातून तारा आवळायची छोटी चावी काढून टेबलावर ठेवली. समोरून आदळलेलं चाक पुढून चेपतं, बाजूने मार खाल्लेलं आडवं वाकतं, असं तो सावकाश सांगू लागला. शेवटी म्हणाला, "बाक आतच आहे, साहेब. मी तो फक्त बांधून ठेवलाय. मी हात लावत नाही, तुम्हीच तारा सोडा. आधी मागच्या."

मागचं चाक सगळ्या तारा ढिल्या झाल्या तरी सरळच राहिलं. मग पुढचं. विसाव्या तारेपर्यंत अधिकाऱ्याला त्यात गोडी वाटू लागली होती. रिम हळूहळू कलली आणि डावीकडे झुकत जाऊन चाक धरणाऱ्या चिमट्याला टेकली. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टरने वाकून त्या कललेल्या रिमवरून बोट फिरवलं. "मला ते दिसलेच नव्हते," तो म्हणाला.

"हेच लिहून घ्या, साहेब," भाची म्हणाली. "वळण्याआधी बघणं त्यांचंच काम होतं."

अधिकाऱ्याने जुन्या वाक्यावर रेघ मारली, खाली नवीन लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. सायकल तिथेच ठेवून घेतली. तिला आता कुणी हात लावायचा नाही, असं त्याने मिस्त्रीकडे बघून बजावलं.

मिस्त्री चालत घरी आला. काय झालं, असं बायकोने विचारलं.

"माझ्या कामातली खोट चारचौघांत उघडी करून आलो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. पटली त्यांना."