भागीरथीची खाट

बमरोलीच्या चाळीत भागीरथी उडदाचे पापड करून विकायची. अमळनेरकडची बाई, बोलणं मऊ, पण एकदा बसली की बसली. घरापुढच्या खाटेवर ती पापड वाळत घालायची, आणि घरापुढे म्हणजे थेट रस्त्यातच.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात एक मंत्री त्या रस्त्याने जाणार होते. रस्ता मोकळा करायला आलेल्या नटुभाई या गुजराती शिपायाने तिला खाट हलवायला सांगितलं. पापड ओले आहेत, दोन तास थांबा, असं म्हणून ती खाटेच्या कडेवर बसली.

“उठो बेन.”

“आते कसाले उठू?” भागीरथीने शांतपणे विचारलं.

बाईला हात लावायची सोय नव्हती. नटुभाईने आणखी तीन शिपाई बोलावले आणि चौघांनी चार पाय धरून खाट तिच्यासकट उचलून खांद्यावर घेतली. चौघांच्या खांद्यावर खाट बघून कोपऱ्यावरच्या हिलाल आप्पांनी टोपी काढून हात जोडले. तेवढ्यात खाटेवरची बाई वाकून पापड पलटायला लागली, तसे ते मटकन खालीच बसले.

चौकीत नेल्यावर फौजदाराने सरकारी कामात अडथळ्याचं कलम सांगितलं, तीन महिन्यांपर्यंत कैद होते म्हणाला, आणि तिला घरी सोडलं. दोन महिन्यांनी समन्स आलं. सुकदेव, तिचा नवरा, कापडाच्या लूमवर खाडा करून सोबत गेला. काखेत गोधडी, हातात लोटा. तुरुंगात काय देतात कोण जाणे, असं त्याचं म्हणणं.

मॅजिस्ट्रेटने तिला विचारलं, पोलिसांना अडवलंस का?

“अडवलं नाही साहेब. मी बसले होते, हे खरं.”

मॅजिस्ट्रेटने चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग गुन्हा कबूल धरून, कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायची शिक्षा सुनावली. कोणत्या तुरुंगात, असं तिने विचारल्यावर पट्टेवाल्याने मागचं बाकडं दाखवलं.

पंख्याखाली ती दिवसभर बसली. भांडणं, चोऱ्या, वकिलांच्या तारखा, सगळं तिने कान देऊन ऐकलं. वर्षभरात इतकी विश्रांती तिला मिळाली नव्हती. बाहेर सुकदेव मात्र गोधडी कवटाळून घामाघूम झाला होता.

पुढे चाळीत कुणालाही समन्स आलं, की तो वकिलाआधी भागीरथीकडे जायचा. ती पापड लाटता लाटता कागद वाचून घ्यायची आणि पहिली गोष्ट सांगायची: “घरून जेवून जा. तिथं लवकर सोडत नाहीत.”