उठत्या जत्रेतला पाळणा

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, सणसरच्या शेतात वांगी-गवार पिकवायचे आणि बारामतीच्या आठवडे बाजारात विकायचे. जन्मभरात त्यांना एकच शास्त्र पटलं होतं: उठत्या बाजारात गिऱ्हाईक राजा. दिवस कलला की माल परत न्यायला नको म्हणून विकणारा हातापाया पडतो, हे ते स्वतः हातापाया पडूनच शिकले होते. त्यामुळे लुगडं असो की बैल, आमची खरेदी बाजार उठताना व्हायची.

मी पंधराची होते. कळसच्या घरात माझं लग्न ठरलं होतं, हळद लागायला तीन आठवडे राहिले होते. तिथल्या सासूबाई सुनांना जत्रेला पाठवतात ते देवाला नारळ फोडायला, पाळण्यात बसायला नव्हे, हे मला आधीच कळलं होतं. आणि मला रहाटपाळण्यात बसायचं होतं. आदल्या वर्षी आमचे कांदे काढायचे होते, त्याच्या आदल्या वर्षी कालव्याच्या पाण्याची पाळी आली. आता हीच शेवटची जत्रा.

तात्यांनी बेत आखला. "भर जत्रंत नुसती रेटारेटी. सरत्या दिशी जाऊ. पाळणा मोकळा असंल, पायजे तेवढं बस."

"जत्रा काय वांग्याचा ढीग हाय व्हय, उरलेली स्वस्तात घ्यायला?" आई म्हणाली. तात्यांनी ऐकलं नाही. शास्त्रापुढे कुणाचं चालतं?

निरवांगीच्या बाजूला ती जत्रा भरायची. आम्ही दोघं बैलगाडीनं पोचलो तेव्हा खरोखरच गर्दी नव्हती. जत्राच नव्हती. तंबूचे खांब आडवे पडले होते. लाकडी घोड्यांचं चक्र सुटं केलेलं, आणि ज्या घोड्यांवर पोरांनी बसायचं ते घोडेच गाडीत बसून पुढच्या गावच्या जत्रेला निघाले होते. तात्यांना टोपल्याच्या तळाची गुडीशेव मात्र निम्म्या भावात मिळाली. ती तोंडात टाकत ते म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?" मला त्यांचा इतका राग आला की मी गुडीशेवेला हात लावला नाही.

पाळणा अजून उभा होता. चारांपैकी दोन पाळणे काढून जमिनीवर ठेवले होते.

"काल का न्हाय आला, पाव्हणं?" पाळणेवाला म्हणाला. "आता समोरासमोरचं दोनच ऱ्हायल्यात."

"मग एकात हिला बसवा."

"एकटीला कसं फिरवायचं? दुसऱ्या अंगाला वजन पायजे."

"ठेवा की एखादं पोतं."

"पोती गाडीत चढली. तुमीच बसा की."

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस स्वतःच्या विहिरीत कधी डोकावला नव्हता. माळ्यावरचं बियाणं उतरवायला शिडीवर आई चढायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. मी घरी जाऊ म्हणेन अशी त्यांना आशा असावी. मी कसली म्हणतेय! पाळण्यात जाऊन बसले.

मग तेही बसले. पाळणेवाल्यानं आणि त्याच्या भावानं हातानं रेटा दिला. मी वर गेले की तात्या खाली, मी खाली आले की ते वर. वरून मला उसाचे मळे दिसले, कालवा दिसला, लांबवर गेलेली घोड्यांची गाडी दिसली. मी मोठ्यानं हसले. आम्ही मधोमध एका उंचीला आलो तेव्हा मला तात्या दिसले. एका हातानं पटका दाबलेला, दुसऱ्या हातानं दांडा, डोळे गच्च मिटलेले. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असणार.

थोड्या वेळानं पाळणेवाला धापा टाकत म्हणाला, "बास का?"

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात वरून, डोळे न उघडताच, तात्या ओरडले, "न्हाय न्हाय! अजून धा फेरं घ्या. तिची हाऊस फिटू द्या."

खाली उतरल्यावर ते वहाणेचा अंगठा नीट करत बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. वहाणेला काही झालं नव्हतं.

"तात्या, भ्या वाटलं?"

"छ्या! डोळ्यावर ऊन येत हुतं."

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. लग्न ठरल्यापासून सगळ्यांनी वाट पाहिलेलं माझं रडू तिथं आलं.