चपलेची गाडी आणि अनवाणी गाडी

"चप्पल काढ रे रघू," मोठीमाय म्हणाली. "गाडीनी पुंजा करेल शे. तू काय चप्पल घालीसन बठस?"

माझा एक पाय गाडीत होता, एक बाहेर. इंजिन चालू होतं. समोर खळ्यात सहा रिकामी पिंपं मांडलेली, त्यांच्या पलीकडे सगळं गाव उभं, आणि शाळेचे ड्रिल मास्तर तोंडात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच धरून माझ्याकडे बघत होते.

"शर्यत व्हऊ दे मोठीमाय, मंग काढसू."

म्हातारीने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मी चप्पल काढली आणि मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

एका चपलेवर नोकरी कशी काय टांगली जाते, ते सांगायला हवं.

साठ-एकसष्टचा सुमार. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आमचे सगळे कागद धुळ्याला जायचे. मी मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये काम शिकून आलो होतो आणि शहादा तालुक्यातल्या एका गुजर घराण्यात ड्रायव्हर कम मेकॅनिक म्हणून लागलो होतो. कापूस, केळी, ऊस, सगळं भरपूर. घरात दोन भाऊ, थोरले मोतीभाऊ आणि धाकटे रतिलालभाऊ. दोघांच्या वर त्यांची आई. तिला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं आणि तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

थोरल्यांची गाडी देशी बनावटीची, काळी, जडशीळ. गावाने तिचं नाव म्हैस ठेवलं होतं. धाकट्यांनी मुंबईहून एक जुनी फ्रेंच गाडी आणली, बुटकी आणि लांबट. ती फ्रेंचीण.

आता थोडं शास्त्र. म्हशीचं इंजिन पुढे होतं, पण त्याचा जोर मागच्या चाकांवर जायचा. म्हणजे गाडी मागून ढकलली जायची. याला रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. फ्रेंचिणीची पुढची चाकंच तिला ओढायची, ते फ्रंट-व्हील ड्राइव्ह. डांबरी रस्त्यावर फरक कळतही नाही. भुसभुशीत मातीत जोरात वळवा, मग कळतो. वळणात म्हशीचं ढुंगण घसरलं की गॅसवरचा पाय हलका करायचा. फ्रेंचिणीचं घसरलं की उलट पाय दाबायचा, म्हणजे पुढची चाकं तिला ओढून सरळ करतात. म्हशीचं नाक वळत नसेल तर गॅस द्यावा, मागचा भाग फिरतो आणि नाक आपोआप वळतं. फ्रेंचिणीचं नाक वळत नसेल आणि तुम्ही गॅस दिलात, तर ती नाकासमोर चालू लागते, मग समोर विहीर का असेना. एकीचं औषध ते दुसरीचं विष.

दोघे भाऊ यावर जेवताना भांडायचे.

"बैल गाडीले पुढून वढतस का मांगून ढकलतस?" धाकटे विचारायचे.

"मन्ही गाडीले बैल नही, इंजिन शे," थोरले म्हणायचे. "तुन्ही गाडीले बैल जुपेल शेतस का?"

हे दोन वर्षं चाललं. एकाच बाजाराला, एकाच लग्नाला दोघे दोन गाड्यांतून जायचे आणि तिथे एकमेकांशी बोलायचे नाहीत. शेवटी मोठीमाय कंटाळली. "घरमा एकच गाडी राही," ती म्हणाली. "शर्यत लावा. जी हारी ती इकी टाकानी."

शर्यतीची रीत धाकट्यांनी एका इंग्रजी मासिकातून काढली. तिकडे हौशी लोक शेतात पिंपं मांडतात, एका वेळी एकच गाडी त्यांच्यामधून नागमोडी फिरवतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. आमच्याकडे कापसाची वेचणी संपली होती, खळं मोकळं होतं. दोघांनाही आपापली गाडी स्वतः चालवायची होती, पण मोठीमायने ते मोडून काढलं.

"दोन्ही गाड्या रघू चालाडी. माणूस एकच, मंग लबाडी कशी व्हई?"

वा, काय न्याय केला, असं सगळे म्हणाले. माझ्या तोंडाकडे कोणी पाहिलं नाही.

त्याच दुपारी थोरले भाऊ गाड्यांच्या शेडमध्ये आले. "रघू, म्हैस हारनी ते मी समजसू, तूच हाराडी. सामान बांधी ठेव." ते गेल्यावर अर्ध्या तासाने धाकटे आले. ते शिकलेले, त्यांनी आधी बायकोमुलीची चौकशी केली आणि मग तेच सांगितलं. मी शेडमागच्या खोलीत राहत होतो. बायको सुमन, आठ महिन्यांची मुलगी, एक ट्रंक. कोणतीही गाडी हरो, खोली रिकामी व्हायची होती. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही, हे कबूल करतो.

सराव सुरू केला. सकाळी म्हैस, लगेच फ्रेंचीण, पुन्हा म्हैस. डोक्याला सगळं पाठ होतं. पण वळणात डोक्याला कोणी विचारत नाही, पायच परस्पर ठरवतो. आणि पाय आधीच्या गाडीतच अडकलेला असायचा. चौथ्या दिवशी एक पिंप चेपलं. सुमन कुंपणापाशी उभी राहून बघत होती.

"तुमना पायले कसं समजी कोनती गाडी शे?" ती म्हणाली. "त्याले काही खूण द्या."

मग मी टायरच्या सोलची माझी जाड चप्पल काढली. ठरवलं, म्हैस चप्पल घालून चालवायची, फ्रेंचीण अनवाणी. जाड सोल लागला की म्हैस, गार पेडल लागलं की फ्रेंचीण. दोन दिवसांत पाय शहाण्यासारखा वागायला लागला. ही युक्ती मी कोणाला सांगितली नाही. मिलिटरीत शिकलेला मेकॅनिक चपलेवरून गाडी ओळखतो, हे गावाला कळलं असतं तर मला पंक्चर काढायलाही कोणी बोलावलं नसतं.

आणि शर्यतीच्या दिवशी मोठीमायने दोन्ही गाड्यांची पूजा केली. हळद, कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. तिथून पुढे त्या गाड्या देवाच्या झाल्या, आणि देवाच्या गाडीत चप्पल घालून बसायचं नसतं.

मी अनवाणी म्हशीत बसलो. शिट्टी झाली. गार पेडलला अंगठा लागला आणि पायाने ठरवलं, फ्रेंचीण. चार पिंपं मी डोक्याच्या जोरावर काढली. पाचवं पिंप खळ्याच्या कडेला होतं आणि त्याच्या पलीकडे शेणखताचा लांबलचक खड्डा. तिथे म्हशीचं ढुंगण घसरलं. डोकं म्हणालं, सोड. पायाने दाबलं. गाडी जागच्या जागी गरकन फिरली आणि ढुंगणाकडून खड्ड्यात बसली. खत मऊ असतं, म्हणून मला काही झालं नाही.

थोरले भाऊ धावत काठावर आले. त्यांचं तोंड बघून मी सगळं बोलून गेलो. चप्पल, गार पेडल, पायाची खूण, सगळं. गाव इतकं हसलं की ड्रिल मास्तरांना शिट्टी वाजवावी लागली.

थोरले मात्र हसले नाहीत. "म्हंजे मन्ही गाडी उलटा पायवर पळनी! माय, न्याय कर. आते रतिलालनी गाडी बी उलटा पायवर पळाले पाहिजे!"

"म्हणजे कशी?" धाकटे ओरडले.

"रघू चप्पल घाली!"

"तिनी बी पुंजा व्हयेल शे!"

मोठीमायने विचार केला. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. "मोतीनं बरोबर शे," ती म्हणाली. "एकनी चप्पल काढी, ते दुसरानी घालनी. देवले मी आखो एक नारय फोडसू."

आणखी एक नारळ फुटला. मी चप्पल घालून फ्रेंचिणीत बसलो. म्हैस आधी बाहेर काढू या, असं मी सुचवून पाहिलं. थोरले म्हणाले, शर्यत संपेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, ती पुरावा आहे.

शिट्टी झाली. पाचव्या पिंपाशी फ्रेंचिणीचं नाक वळेना. मी गॅस दिला. ती नाकासमोर चालत गेली आणि म्हशीच्या शेजारी, तोंडाकडून खड्ड्यात उतरली. एकीचं तोंड वर, दुसरीचं ढुंगण वर. दोघींची जोर देणारी चाकं बरोबर खतात, त्यामुळे स्वतःहून कोणीच बाहेर येईना. चार बैलजोड्या लावाव्या लागल्या. बैल पुढून ओढत होते, हे धाकट्यांनी मोठ्याने दाखवून दिलं, पण कोणी लक्ष दिलं नाही.

ड्रिल मास्तर पुढे आले. "हरेल ती विकायची, असं ठरलं होतं. दोन्ही हरल्या. म्हणजे नियमाने दोन्ही विकायला हव्यात."

"तू गप बठ मास्तर!" दोघे भाऊ एका आवाजात ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. मोठीमाय आपल्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत बसून घरी गेली. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात दुसरी शेड बांधली.

मला कोणी काढलं नाही. थोरले म्हणायचे, रघूने माझी पाडली, पण त्याचीही पाडली. धाकटेही तेच म्हणायचे. त्या खोलीत आम्ही पुढे नऊ वर्षं राहिलो, मुलगी तिथूनच शाळेत गेली.

आता दोघेही भाऊ नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. म्हशीच्या वेळी पाय चुकला, हे देवाशपथ खरं. फ्रेंचिणीच्या वेळी पायात चप्पल असूनही मला लख्ख माहीत होतं की ही फ्रेंचीण आहे आणि पाय उचलायचा आहे. पण समोर खड्ड्यात म्हैस होती, काठावर मोतीभाऊ होते आणि त्यांच्या मागे मुलीला कडेवर घेऊन सुमन उभी होती. मी पाय दाबला.

दोन मालकांच्या नोकरीत जिंकवता एकालाच येतं. खड्ड्यात मात्र दोघांना सारखं घालता येतं.