माफी दिली, किल्ली नाही

आमच्या पुलगावच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांपुढे उभं राहून रडत साक्ष दिली की माणूस धुऊन निघतो, असा एक समज आहे. माझ्या थोरल्या भावाने या समजाचा पुरेपूर फायदा घेतला आहे. दारू सोडल्याची साक्ष त्याने इतक्या वेळा दिली आहे, की पुढच्या बाकावरच्या मावश्या तो उभा राहायच्या आधीच रुमाल काढतात.

गेल्या उन्हाळ्यात मात्र दादाने कहर केला. पिऊन आईला मोटारसायकलवर घरी आणत होता, आर्वी रोडच्या वळणावर दोघंही पडले. त्याला खरचटलं. आईचं डावं मनगट असं मोडलं, की आत प्लेट बसवूनही बोटं मिटत नाहीत. आई मंडळीत पेटी वाजवायची. पेटीला दोन हात लागतात, एक सुरांवर आणि एक भात्यावर. तिचा भात्याचा हात गेला. मग आम्ही मोबाइलवर लावलेल्या संगीतामागे फरफटत गाऊ लागलो.

आणि आईने त्याला माफ कुठे करावं, तर दवाखान्यातच. प्लास्टरसुद्धा वाळलं नव्हतं. मला इतका संताप आला की खाली जाऊन त्या बिचाऱ्या चहावाल्यावर उगाच खेकसले. पुढे दादाने रिवाजाप्रमाणे साक्ष दिली, पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली, मावश्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा गडी गाडीची किल्ली मागायला आईपुढे हजर. किल्ली तिने आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

आई नाही म्हणाली, तर हाच रुसला. म्हणे देवाने माफ केलं, मंडळीने केलं, तूच मनापासून केलं नाहीस. चार दिवस जेवायला आला नाही. मग पाळकसाहेब आईची समजूत घालायला आले. माफ केलेलं पाप पुन्हा उकरून काढू नये, यावर आमच्याच घरी आमचाच चहा पीत ते बराच वेळ बोलले. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. दादा खाली मान घालून बसला होता, जसा काही मार यालाच लागला होता.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि ती दादाकडे वळली.

"माफ तं तुले मी तवाच केलं. पण किल्ली भेटन नाई. रस्त्यानं दुसऱ्याचीही माय चालते."

पाळकसाहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. त्यांच्यासमोरच तिने दादाला पुढचं सांगितलं. दर रविवारी उपासनेच्या आधी यायचं, पेटीपलीकडे तिच्यासमोर बसायचं आणि भाता मारायचा. पिऊन आला तर त्या दिवशी पेटी उघडायची नाही.

तेव्हापासून आमच्या गाण्यांची दैना आहे. दादा सायकलीत हवा भरावी तसा भाता मारतो. मधेच त्याची नजर आईच्या मांडीवर पडलेल्या त्या डाव्या हाताकडे जाते, भाता थांबतो आणि सूर कण्हत कण्हत बसतो. मंडळी पुढच्या ओळीवर गेलेली असते. आई सुरांवरची बोटं तशीच ठेवून थांबते. मला लहानपणापासून भाता मारता येतो, सूर कळतो, मी चार हात अंतरावर बसून दात आवळत असते.

गेल्या रविवारी तर एका गाण्याची तीनदा सुरुवात करावी लागली. उपासना संपल्यावर मी आईला गाठलं. ती एका हाताने पेटीवर कापड पांघरत होती. मी म्हटलं, हा तमाशा बस झाला, पुढच्या रविवारपासून भात्यावर मी बसते, निदान गाणं तरी धड होईल.

"तुले येते, मले काय ठाऊक नाई?" आई म्हणाली. "पण तू माह्याजवळ कुठंही बसतं. त्याले तेवढीच एक जागा राह्यली हाय."