पानावरचे चिंचोके

माझी धाकटी जाऊ ललिता रविवारी घरात सापडत नाही. सकाळच्या भाकऱ्या झाल्या की ती आमच्या वैशाखरे गावाच्या वरच्या कातकरवाडीत जाते आणि समाजमंदिरात पोरं गोळा करते. वाडीत त्याला रविवारची शाळा म्हणतात. आधी प्रार्थना, मग गाणं, गोष्ट आणि थोडं वाचन. पगार नाही, वर सासूबाईंची बोलणी. तिला सांगून काही उपयोग नसतो. हो हो म्हणते आणि चपला घालते.

पोरं म्हणाल तर एक रांगतं, एक मिसरूड फुटलेलं आणि मधली सगळी. रांगतं दाराशी जाऊन चपला चाखतं, मोठे खिडकीत बसून गलोल ताणतात. एकदा त्यांच्यातल्या दीपेशनं खिशातल्या चिंबोऱ्या जमिनीवर सोडल्या, तेव्हा त्या खेकड्यांपायी गोष्टीतला राजा जंगलातच राहिला आणि अख्खी शाळा ओट्यावर चढली. ललितानं ओरडून पाहिलं, बिस्किटं देऊन पाहिली. बिस्किटं संपली की पोरंही पसार. मग तिनं भाओजींची शिट्टी नेली, तर दिवसभर सगळ्यांना ती शिट्टीच वाजवायची होती. मला हसू यायचं, पण ती संध्याकाळी घसा बसवून यायची तेव्हा वाईटही वाटायचं.

लहानांना घरी ठेवा म्हणायची सोय नव्हती. आईबाप मजुरीला जातात, त्यामुळे कडेवर भावंड नाही अशी मुलगी त्या वाडीत मिळायची नाही. लहानांना बंदी केली असती तर मोठ्या मुलीच यायच्या थांबल्या असत्या.

त्यातलीच एक भिमी. तिच्या कडेवर कायम धाकलू, तिचा धाकटा भाऊ. भिमी अक्षरं लावून वाचायला लागली होती आणि ललिताचा सगळा जीव तिच्यावर होता. दिवाळीनंतर वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही सोबत जातात आणि शिकलेलं तिकडेच विसरून येतात. यंदा भिमीला आजीपाशी ठेवा, असं ललितानं तिचा बाप कमळू याला विनवलं होतं. कमळू नाही म्हणाला नव्हता. दिवाळीआधी एका रविवारी येऊन बघतो, पोरगी शिकते असं दिसलं तर ठेवतो, एवढं तो बोलला होता. ललिताला तेवढंच पुरे होतं. घरी येऊन तिनं मला ते दोनदा सांगितलं.

आणि मग तिला युक्ती सापडली, म्हणजे भिमीलाच सापडली. भिमीनं लहानग्यांना भिंतीशी ओळीनं बसवलं, प्रत्येकाच्या हातावर पळसाचं पान ठेवलं आणि पानावर चिंचोके. गोष्ट संपेपर्यंत चिंचोका पडू द्यायचा नाही. पोरं श्वास रोखून बसली. रांगणाऱ्याला तिनं मांडीवर घेतलं, तर तेही झोपलं. खिडकीतले मोठे खाली उतरून पुढे बसले. ललिता त्या दिवशी नाचतच घरी आली. इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते त्या पोरीनं केलं, म्हणाली. मी म्हटलं, मग तिचं वाचन कोण घेणार? तर म्हणे, घेऊ गं मागाहून, आता जरा शिस्त बसू दे. पुढच्या रविवारीही असंच झालं आणि त्याच्या पुढच्याही.

कमळू आला त्या रविवारी मीही वर गेले होते. खरं तर मला ती शांत शाळा एकदा डोळ्यांनी पाहायची होती. कमळू दारातच उभा राहिला. आत लहानगी पानं सांभाळत बसलेली, मधे भिमी, एक पोर मांडीवर आणि एक खांद्याला टेकलेलं. बापाचा चेहरा खुलला. ललितानं माझ्याकडे पाहिलं, काम झालं अशा नजरेनं.

मग तिनं भिमीला वाचायला पुढे बोलावलं. भिमी उठली तशी मांडीवरलं पोर जागं होऊन रडायला लागलं, धाकलूनं पान टाकलं आणि चिंचोके सगळीकडे झाले. बापासमोर गोंधळ नको म्हणून ललितानं घाईघाईनं हात केला, बस बस. भिमी बसली आणि पुन्हा सगळं शांत झालं. त्या हाताची मला अजून चीड येते.

वर्ग सुटल्यावर कमळू हात जोडून म्हणाला, "बाय, पोरगी तयार झाली तुमच्यानं. आता भट्टीवर आमाला पोरांची चिंता नाय."

ललिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती घाईनं सांगू लागली की भिमी वाचते, आत्ता ऐका, पाहिजे तर मी पुस्तक आणते. कमळू ऐकून घेत होता. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान मला दोन शब्द बोलता आले असते.

"वाचते तं चांगलाच हाय," तो म्हणाला. "पन मागल्या साली धाकलूचा पाय राखंत भाजला. हिची आय चिखल तुडवीत व्हती, बघनार कोन? आता ही पाच घरांची पोरा सांभाळंल."

धाकलूच्या पायावरचा डाग आमच्या समोरच होता. ललिता त्या डागाकडे पाहत राहिली. भिमी चिंचोके वेचून ओच्यात भरत होती. भट्टीवर लागतील म्हणाली.

दिवाळी झाली आणि भट्टीचा ट्रक येऊन भिमीच्या घरालाही घेऊन गेला. ललिता चार दिवस नीट जेवली नाही. रविवारी मात्र चपला घातल्या. या वेळी मी न सांगता तिच्या मागून गेले.

मागे राहिलेली थोडी पोरं होती, त्यातही दोन रांगती. गोंधळ सुरू झाला तशी रुपा नावाची मुलगी उठली. मी भिमीसारखी पानं देऊ का, असं तिनं मोठ्या हौसेनं विचारलं. ललितानं तिचा हात धरून तिला पुढे बसवलं आणि पुस्तक दिलं.

"नको," ती म्हणाली. "तू वाच."

रुपा वाचू लागली. एक पोर रडत होतं, एक चपला चाखत होतं, दीपेश खिडकीत चढला होता. मी दारात उभी होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. "मोठ्यानं," ललिता सारखी म्हणत होती, "मोठ्यानं वाच."