बिभीषणचा समास

बिभीषण सोन्नरचा चढलेला आवाज गावात फार कुणी ऐकलेला नव्हता. चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरलेला माणूस तो. ओरडलं की कळप बुजतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पण दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गेलेला तो उन्हाळा सरता सरता परळीजवळच्या आपल्या गावी परत आला, खाटेखाली वाकून पत्र्याची पेटी ओढायला गेला आणि हाताला नुसती धूळ लागली, तेव्हा त्यानं जी शिवी हासडली ती चार घरं पलीकडं ऐकू गेली.

“पेटी कुठंय माझी?”

त्याची बायको बायनाबाई भाकरी थापत होती. “शिवानं नेली. भगवानरावच्या वाचनालयात ठेवायचीत म्हनला पुस्तकं.”

“मला न इचारता?”

“तुमी कुठं होता इचारायला? फोन लागतो का तुमचा रानात?”

शिवा म्हणजे शिवशंकर, त्यांचा एकुलता एक मुलगा. आणि भगवानराव म्हणजे गावचे पुढारी. ऐंशी एकर बागायत, दारात तीन गाड्या, आणि गेल्याच वर्षी गायरानाकडं जाणाऱ्या वाटेला काटेरी तार ठोकलेली. त्या तारेपायी बिभीषणची मेंढरं दोन कोस वळसा घालून पाण्यावर जायची. शिवशंकर याच भगवानरावांच्या मागं-पुढं असायचा. बॅनर लावायचा, खुर्च्या मांडायचा, आणि ‘साहेब’ असं म्हणायचा की जणू जिभेवर खडीसाखर ठेवलीय.

“उद्या उद्घाटन हाय आबा,” संध्याकाळी तो म्हणाला. “तुमचा सत्कार हाय. पुस्तकं तिथंच बघा. सांगितलं तर मजा जाईल.”

बिभीषणला राग होता, पण खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. ज्या पुस्तकांपायी गावानं त्याला जन्मभर येडं ठरवलं, त्याच पुस्तकांसाठी सत्कार. माणूसच आहे शेवटी.

पेटीत होतं काय, ते आधी ऐका.

बिभीषण सातवीपर्यंत शाळेत गेला. अक्षर बरं होतं, पण लिहिताना कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहायचा. गुरुजी छडी मारायचे. “समास सोड. समास सोडून लिही म्हणून किती वेळा सांगायचं? तू गुरं राखायच्याच लायकीचा.” ते वाक्य गुरुजी सगळ्यांनाच म्हणायचे. पण बिभीषणचा बाप खरोखरच मेंढरं राखायचा, त्यामुळं सगळा वर्ग त्याच्याकडं बघून हसायचा.

सातवीच्याच वर्षी तो बापाबरोबर परळीच्या बाजाराला गेलता. स्टेशनामागं एक रद्दीचं दुकान होतं. थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत लांबलांबून आलेले साहेब लोक राहायचे, आणि त्यांच्या पोरांनी टाकलेली पुस्तकं या दुकानात यायची. त्या ढिगात वरच एक चित्र होतं. घोड्यावरचा माणूस, डोक्याला टोपी, हातात दोर, पुढं गुरांची ही मोठी खांड. धूळ तर अशी काढलेली की बिभीषणला ठसका लागायचा बाकी होता.

“ह्यो कोन?” त्यानं विचारलं.

“काउबॉय है बे,” रद्दीवाला म्हातारा म्हणाला. “मतलब गुराखी.”

झालं. त्या एका शब्दानं पोराचं डोकं फिरलं. ज्या कामाची शिवी होते, त्या कामावर कुठंतरी रंगीत पुस्तकं छापतात? त्यानं विकायला आणलेल्या दुधातलं एक तांब्या दूध म्हाताऱ्याला दिलं आणि पुस्तक सदऱ्यात घातलं. बापाचा मार घरी गेल्यावर खाल्ला.

तिथून पुढं चाळीस वर्षं. इंग्रजी चित्रांची पुस्तकं, आणि त्याच धर्तीच्या मराठी गोष्टींची पिवळ्या कागदाची स्वस्त पॉकेटबुकं, मिळून दोनशे बारा. लातूरच्या फूटपाथवरची, अंबाजोगाईच्या रद्दीतली, एक तर तेलगावच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला फाडणार तेवढ्यात हातातून ओढून घेतलेलं. पाऊस-दवात भिजतात म्हणून रानात न्यायची नाहीत, हा नियम. पेटीत कडुनिंबाचा पाला घालायचा, खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद वरून गुंडाळायचा. थर्मलची राख घरात कुठंही शिरते, म्हणून घरी असला की एकेक पुस्तक मऊ फडक्यानं पुसायचा. घोड्याचा पाय कुणाला काढता येतो आणि कुणाला येत नाही, हे तो पानावर नजर टाकून सांगायचा. कशानं तरी वैतागला की एक पुस्तक घेऊन दारात बसायचा आणि तासाभरात माणसात यायचा.

पण त्यात एक गोष्ट त्याला जाम खुपायची. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चित्रं तर येत होती. या गोष्टींत गायीवाला शूर, आणि मेंढरंवाला? तो लबाड, नाही तर भेदरट. चराईवरून भांडण झालं की गायीवाले घोडे घालून मेंढपाळाचं पाल जाळायचे, आणि मेंढपाळ कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा. त्याच्या तोंडापुढं बोलायचा फुगासुद्धा काढलेला नसायचा.

“बघ की,” तो बायनाबाईला पान दाखवायचा. “तिथं बी आपल्यालाच मार. आन् बोलू बी देत न्हाईत.”

“मग तुमी बोला त्याच्याकडून,” ती एकदा म्हणाली. सहज म्हणाली, ताट पुसता पुसता.

बिभीषणनं कानावरची पेन्सिल काढली. पानाच्या कडेला, छापलेल्या चित्राबाहेर जी बोटभर पांढरी जागा असते, त्या समासात त्यानं मेंढपाळाचं बोलणं लिहिलं. मग गायीवाल्याला उत्तर. मग पुढच्या पानावर अजून. अशी तीस वर्षं. छापलेल्या गोष्टीत मेंढपाळ मार खायचा आणि समासात तो मालकाच्या तोंडावर बोलायचा, भांडायचा, कधी कधी जिंकायचा. बायनाबाईला वाचता येत नव्हतं. बिभीषण तिला समासच वाचून दाखवायचा. शिवा पाच वर्षांचा असताना यातल्याच पहिल्या पुस्तकात, खालच्या समासात, त्यानं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. ‘शिवशंकर’. त्यातला ‘क’ उलटा.

तर ही पेटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण मेंढरं कातरत बसला होता. सतरा झाली, आणि अठरावं धरलं तोच शिवशंकर मोटरसायकल घेऊन आला. “चला आबा, साहेब खोळंबलेत.” हातपाय धुतले, डोक्याला पटका गुंडाळला, कातर कमरेला तशीच राहिली, आणि बिभीषण मांडवात जाऊन पोचला.

मांडव, स्पीकर, शंभरभर माणसं. स्टेजवर टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर लाल रेक्झिनचे चौदा जाडजूड ग्रंथ. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं: ‘सौजन्य: मा. भगवानरावजी’.

“माझी पुस्तकं कुठंयत?” बिभीषणनं हळू विचारलं.

“हीच की,” शिवशंकरच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “परळीला बाइंडिंग केलं आबा. फाटकी कव्हरं समदी काढून टाकली, पिना काढल्या. लहानमोठी होती ना, मग मशीनला घालून समदी कापून एका मापाला आनली. तिन्ही बाजूंनी. बघा कसं गुळगुळीत झालंय.”

बिभीषणनं वरचा ग्रंथ उघडला. पान उलटलं. अजून एक उलटलं. चित्र पार कडेला येऊन थांबलेलं. समास नव्हता. कुठं एखाद्या शब्दाचं मागचं अक्षर, कुठं नुसता काना. तीस वर्षं बोललेला मेंढपाळ पुन्हा टोपी हातात धरून गप्प उभा.

त्याला बायंडरचा राग आला नाही. मापाला कापणं त्याचं कामच. पण हा पोरगा, आपल्याच अंगणात वाढलेला, यानं एकदाही पान उघडून बघू नये? आणि हे सोनेरी नाव कशाबद्दल? कुणी जपली, कुणी पुसली, कुणाच्या बापानं मार दिला?

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. भगवानराव माइकवर म्हणाले, “आमचे बिभीषण. मेंढरामागचा मानूस, पन वाचनाचा नाद बघा. वाळवी लागून गेली आसती ही पुस्तकं. आपन जपली. बोला बिभीषण, दोन शब्द बोला.”

बिभीषणनं नारळ टेबलावर ठेवला. ग्रंथ हातात धरला आणि माइकजवळ गेला.

“वाचून दावतो,” तो म्हणाला. “हितं एक मालक हाय घोड्यावर. त्यानं वाटंला तार ठोकलीय. हितं मेंढरंवाला हाय. मी त्याचं बोलनं ल्हिलं होतं, पन्नास ओळी आसतील ह्या पुस्तकात. आता ऱ्हायलंय, ‘...लक’. पुढं ‘...सती’. आन् हितं नुसता काना.”

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. बिभीषणनं त्या बाजूला बघितलं आणि हसणं थांबलं.

“पुढचं मला पाठ हाय. ‘मालक, जिमीन तुमची आसंल. वाट तुमच्या बापाची न्हाई.’ आसं ल्हिलं होतं मी. आठ्ठावीस वर्सं झाली ल्हून. मशीननं कापलं. पर मी हाय अजून.”

तारेचं सगळ्यांनाच माहीत होतं. आजवर बोललं कुणीच नव्हतं.

भगवानरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “आरं, काय चुकलं ते तरी सांग. खर्च करून चांगलंच केलं ना?”

“सांगतो. मी सकाळी सतरा मेंढरं कातरली. कातरताना डावा हात कातडीवर ठिवतो मी. कातरीच्या आन् कातडीच्या मधी माझा हात आसतो. मला लागंल, जनावराला न्हाई. तुमी कुनी मधी हात ठिवला का? का न्हाई ठिवला?”

त्यानं कमरेची कातर काढली. पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून उभी राहिली. त्यांना वेगळंच वाटलं. बिभीषणनं पहिल्या ग्रंथाचा पुठ्ठा उघडून धरला आणि पाठीच्या सांध्यात, जिथं नुसतं कापड असतं, तिथं कातर चालवली. वरचा पुठ्ठा, खालचा पुठ्ठा, मग पाठ. लाल सालपट अलगद निघालं. ते त्यानं टेबलावर भगवानरावांच्या पुढं ठेवलं, आतली पानं शालीत ठेवली. मग दुसरा ग्रंथ. घाई केली नाही. चौदाही तसेच कातरले, आणि एकाही पानाला ओरखडा गेला नाही. कुणी आडवं आलं नाही.

“ह्ये तुमचं,” सोनेरी अक्षरांच्या ढिगाकडं बोट करून तो म्हणाला. “ह्ये माझं.” शालीची गाठ मारली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालत घरी गेला.

दिवस मावळायच्या सुमाराला शिवशंकर आला तो तणतणतच. “तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई आबा तुमी मला. दोन वर्सं राबलो मी त्या मानसाकडं. कागदाच्या चिठोऱ्यापायी समदं घालवलं.”

बायनाबाई काही बोलायला उठली, बिभीषणनं हातानंच तिला बसवलं. गाठोडं सोडलं. पहिलं पुस्तक शोधून काढलं, एका पानावर उघडलं आणि मुलापुढं टाकलं.

“तुझं नाव हाय ह्यात. काढ.”

शिवशंकरनं पान बघितलं. उलटंसुलटं केलं. मग पार खालच्या कडेला त्याला दिसलं. एक वाकडी शिरोरेघ, तिच्यावर एक वेलांटी, आणि एक अनुस्वाराचं टिंब. खालची अक्षरं गेली होती. उलटा ‘क’ सुद्धा.

त्याचा हात थांबला. बायनाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, भगवानरावांचं नाव छापलेलं. ते बघून परत आत टाकलं. बापाच्या कानावरची पेन्सिल मागितली.

“मी ल्हितो आबा. पुन्ना ल्हितो. समदं सांगा, समदं ल्हून देतो.”

“ल्ही,” बिभीषण म्हणाला. त्याचा राग तसूभरही उतरला नव्हता.

शिवशंकरनं पेन्सिल टेकवली. खाली टेकवली, तर घोड्याचे खूर. वर टेकवली, तर ढग. बाजूला टेकवली, तर मेंढपाळाची टोपी, आणि टोपीपुढं पान संपलेलं. पेन्सिल तशीच धरून त्यानं मान वर केली.

“कुठं ल्हू, आबा?”

“त्येच तर सांगायलोय मी सकाळपसून,” बिभीषण म्हणाला.